विचारून आलो

काहीही नवं लिहून दाखवलं की काका कळफलकावरचे दोन्ही हात उचलायचे, मांडीवर ठेवायचे आणि विचारायचे, "कोणाला विचारलंस गो, बाय?"

हात मांडीवर गेले की समजायचं, आजचं काम उद्यावर गेलं. रत्नागिरीत एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. मी तिथे नवी लागले तेव्हा या प्रश्नाचा मला इतका राग यायचा, की त्यांच्या पाठीमागे नक्कल करून मी सगळ्यांना हसवत असे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. त्याच्यामुळे काम अडतं, आणि तो रजेवर गेला की काहीच धड होत नाही.

काका पालीचे. वडील शाळामास्तर होते, त्यामुळे लिहिण्यातली शिस्त घरातूनच आलेली. मुंबईत मोठ्या कंपनीत बरीच वर्षं प्रोग्रॅम लिहून ते आईसाठी परत आले आणि रोज एसटीने पाली-रत्नागिरी करू लागले. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात डबा आणि बारा महिने छत्री.

आमचं मुख्य काम होड्यांच्या नोंदीचं. किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायट्यांसाठी आम्ही एक अॅप केलं होतं. तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, निघताना मोबाइलवर एक बटण दाबणार आणि परतला की दुसरं. ठरल्या वेळेत दुसरं बटण दाबलं गेलं नाही, तर त्याच्या घरचा आणि सोसायटीचा फोन वाजत राहणार. एवढंच. पण ठरली वेळ कोणती, हे गावागणिक वेगळं, आणि ते विचारायला काका स्वतः जायचे.

आले की प्रोग्रॅममध्ये त्या नियमाच्या डोक्यावर टीप लिहायचे. अशी टीप संगणकाच्या उपयोगाची नसते. ती मागून येणाऱ्या माणसासाठी असते. बाकीचे लोक तिथे दोन इंग्रजी शब्द टाकून मोकळे होतात. काकांची टीप अशी: "विचारून आलो. तांडेल जाळं शिवत बसले होते. म्हणाले, सुकतीला खाडीच्या तोंडाशी पाणी नसतं, होडी बाहेर थांबते. भरतीपर्यंत फोन वाजवू नका, बायका उगाच घाबरतात. पेज दिली."

"काका, यात पेजेचं काय काम?" मी एकदा विचारलं.

"पेज दिलीन् म्हणजे घरात बसवून सांगितलंन्. वाटेत टोलवलं नाय."

मग ऑफिसात एआय आलं. काका कुरकुरतील अशी आम्ही पैज लावली होती, पण ते खूशच झाले. दिवसभर त्याच्याशी अहो-जाहो करत प्रश्न विचारायचे. "नवा जावई आहे हा," ते म्हणाले. "हुशार, गोड बोलतो, कशालाच नाय म्हणत नाय. फक्त विहिरीवर पाण्याला धाडता येत नाय." तेव्हापासून ऑफिसात त्याचं नाव जावईच पडलं.

मला ज्याला आठवडा लागायचा ते जावई चहा निवायच्या आत करायला लागला. वर्षभरात पाचजणांचे आम्ही दोघं उरलो, काका आणि मी. मालक म्हणाले, आता गावोगाव फिरण्यात दिवस घालवू नका, लिहिणारा घरात बसलाय. पुढच्या आठवड्यापासून काका रविवारी जायला लागले, कधी दापोलीला मुक्काम करून. सोमवारी त्यांच्या चपलांना वाळू असायची. मला हसू यायचं. आता त्या हसण्याची लाज वाटते.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी पालीच्या बाजारात भाजी घेताना त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले.

नंतर महिन्याभरात एक नवं गाव नोंदीत घ्यायचं आलं. गावाचं नाव लिहीत नाही, माझ्यामुळे त्या लोकांना आधीच पुरेसा त्रास झाला आहे. मी जावयाला म्हटलं, या गावाचा नियम लिही. त्याने लिहिला, आणि नियमाच्या डोक्यावर टीपही लिहिली. "विचारून आलो. तांडेल जाळं शिवत बसले होते. म्हणाले, इथे सुकतीला होडी आत येत नाही. भरतीपर्यंत फोन वाजवू नका. पेज दिली."

माझ्या अंगावर काटा आला. मग, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. वाटलं, काका एखाद्या रविवारी तिथे जाऊन आले असणार, कुठल्यातरी जुन्या फाइलीत लिहून ठेवलं असणार आणि जावयाने ते शोधून काढलं. मला तसंच वाटून घ्यायचं होतं. मी ती टीप तीनदा वाचली, डोळे पुसले आणि नियम चालू केला. कोणालाही विचारलं नाही.

तीन महिन्यांनी त्या गावातली एक होडी दुपारी चारला परत यायची होती. इंजिन बंद पडून ती वाहवत गेली. चारला सुकती, म्हणजे ओहोटी होती, म्हणून आमचा फोन भरतीची वाट बघत सहा तास गप्प बसला. दुसऱ्या होडीने त्यांना ओढत आणलं तेव्हा सकाळ उजाडली होती. होडीवरचे चौघे जिवंत होते, हे देवाचे उपकार. तांडेल तापाने फणफणला होता.

मी त्यांच्या घरी गेले. तांडेलाची बायको मला बसा म्हणाली, ओरडली नाही. "फोन वाजला नाय, म्हणून मी निवांत भात टाकला," एवढंच म्हणाली.

तांडेल अंथरुणातून उठून बसला. "आमच्या खाडीला बाराही म्हयने पाणी आसतंय. सुकतीचा काय संबंध? कोन आला होता इचारायला?"

कोणीच आलं नव्हतं. जावयाने काकांच्या शेकडो टिपा वाचल्या होत्या आणि त्या घराण्यातली आणखी एक टीप लिहून दिली होती. त्याच्या लेखी पेज हासुद्धा टिपेचा एक भाग होता. पण त्याला दोष देऊन मी सुटत नाही. काकांचा प्रश्न त्याला नव्हे, मला ठाऊक होता.

तो नियम मी त्याच दिवशी काढला. मग बाकीच्या टिपा उघडल्या. शेवटच्या वर्षात काका आणि जावई एकाच खात्यातून लिहीत होते. काकांची कोणती आणि जावयाची कोणती, ओळखू येईना. सगळ्या 'विचारून आलो' म्हणतात, सगळ्यांत कोणीतरी जाळं शिवतंय. आणि प्रत्येकीमागे कोणाच्या तरी चुलीवर भात आहे. शंका आली तिथे फोन लवकर वाजेल असं करून ठेवलं आणि मी गावोगाव जायला लागले. मालक आधी रागावले, मग त्यांनी नाद सोडला.

गावात गेलं की मी विचारते, छत्रीवाले एक गृहस्थ आले होते का? कुठे म्हणतात, "होय तर! उन्हात छत्री मिटून चालायचे." कुठे नुसती नाही म्हणून मान हलते. तिथून निघताना मला वाटत राहतं, ते एसटीत माझ्या मागच्याच सीटवर बसलेत आणि वळून बघितलं तर विचारतील.

एक टीप मात्र वाचताक्षणी ओळखली. बुरोंडीची. "तांडेल म्हणतात, चार तास थांबा. पण घरी वाट बघणाऱ्या आजींना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. पुन्हा यायचं." जावई कधी उत्तराशिवाय परत येत नाही.

आजी ओटीवर सुकी मासळी निवडत होत्या. मी छत्रीवाल्यांचं नाव काढताच म्हणाल्या, "परत येतो म्हनालं होतं. आलं नाय ते?"

मी सांगितलं. मग त्यांनी हातातलं सूप बाजूला ठेवलं.

"माझ्या झिलाची होडी दुपारची यायची होती. लोक हसतील म्हनून सांज होईस्तोवर मी कुनाला सांगितलं नाय. पोर माझा आलाच नाय मगे." त्यांनी माझ्या मोबाइलकडे बोट केलं. "ह्याला लाज नाय ना वाटत? मग चार तास कशाला? लगेच वाजव म्हनावं."

ऑफिसात येऊन काकांच्या टिपेखाली मी "पुन्हा जाऊन" एवढं लिहिलं, तोच पुढे फिकट अक्षरांत जावयाने सुचवलं, "विचारून आलो. आजी म्हणाल्या, दोन तास थांबा. पेज दिली." अगदी काकांचाच सूर. मी हात उचलले आणि मांडीवर ठेवले. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. ती ओळ समोर तशीच राहिली.

मग मी ती पुसली आणि आजी काय म्हणाल्या ते लिहिलं.