बाबांच्या छातीवरची लाथ

गिरण्यांचा संप लांबला तशी आमच्या चाळीत माणसं एकमेकांच्या अंगावर जाऊ लागली. बाबा लालबागच्या एका गिरणीत माग चालवणारे साचेवाले, संपावर ठाम. आमच्याच मजल्यावरचा एक शेजारी मात्र गुपचूप कामावर जायचा. एका दुपारी बाबांनी त्याला गिरणीच्या गेटापाशी गाठलं आणि कॉलर धरली. त्याने पिशवीतून सळई काढून बाबांच्या मनगटांवर हाणली. बाबा पडले. मग लोक ओढून काढेपर्यंत तो त्यांच्या छातीवर बुटाने लाथा घालत राहिला. मी आणि दादा शाळेतून येत होतो. बाबांच्या तोंडातून आलेलं रक्त आम्ही दोघांनी पाहिलं.

पुढे गिरणी कायमची बंद पडली. बाबांचे हात बधिर होत गेले. काही वर्षांनी पाय सुजायला लागले, जिना चढताना धाप लागायची. पन्नाशीतच गेले. हृदयाचा स्नायू जाड झालाय, कशाने ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आम्हाला मात्र पक्कं माहीत होतं, लाथांनी.

तेरावं झालं आणि दादाने त्या शेजाऱ्याला हिंदमाताच्या कापडबाजारात गाठलं. बायकोबरोबर साड्या बघत होता तो. दादाने त्याला सायकलच्या चेनने झोडपलं आणि दुकानाच्या काचेवर ढकललं. त्याचा डावा डोळा गेला. दादा तुरुंगात गेला. सुटून आला तेव्हा आईने त्याला ओवाळून घरात घेतलं.

पुढे दादा टेम्पो चालवू लागला. पन्नाशीला आला तसे त्याचेही दोन्ही हात बधिर व्हायला लागले. परळच्या एका हॉस्पिटलात मनगटाचं ऑपरेशन ठरलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "दोन्ही हातांना? घरात आणखी कुणाला होतं असं?"

बाबांच्या हातांचं आणि हृदयाचं सांगताच त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. दादाला ना धाप होती, ना सूज. तरी हृदयावर ताण आल्याचं आणि स्नायूला इजा होत असल्याचं रक्तात दिसलं. मग स्कॅन झाला, जनुकाची तपासणी झाली.

"एक प्रथिन बिघडून आधी मनगटात, मग हृदयात साचतंय," बाई म्हणाल्या. "वडिलांकडून आलंय. त्यांना बहुतेक हेच झालं होतं. तुमचं लवकर सापडलं, औषधाने साचणं मंदावेल."

"माझा बाप लाथांनी मेला," दादा म्हणाला.

"लाथांनी हृदय असं होत नाही."

दादाने खुर्ची उचलून भिंतीवर आपटली. दोन वॉर्डबॉयनी त्याला दाबून धरलं. बाईंची मी माफी मागितली.

घरी त्याने आईला विचारलं, "बाबांचे हात कधीपासून दुखायचे?"

"संपाच्या आदीपासून," आई म्हणाली. "सूत तुटला तर गाठ मारूक जमायचा नाय त्येंका."

दादा भिंतीवर डोकं आपटू लागला. कपाळ फुटलं तरी थांबेना. मी मधे पडले तर मलाही ढकललं. शेवटी आईने त्याच्या मुस्काटात मारली, तेव्हा खाली बसला.

तो शेजारी शीवला मुलाकडे राहायचा. दादा त्याच्याकडे निघाला, तशी मीही गेले. दार त्यानेच उघडलं. हातात काठी, एक डोळा बंद.

"बाबा तुमच्या लाथांनी गेले नाहीत," दादा म्हणाला. "आजार होता. रक्तात सापडला, माझ्या."

"इतकी वर्षं मला वाटायचं, खून केला मी. डोळा गेला तेव्हा वाटलं, फिटलं," म्हातारा म्हणाला. आणि त्याने काठी उगारली. दादाच्या खांद्यावर, कानावर, तोंडावर बसेल तिथे हाणत सुटला. दादाने हात वर केला नाही. मी ओरडले तेव्हा सुनेने धावत येऊन काठी हिसकावली. म्हातारा दारातच बसून रडू लागला.

दादा आता औषध घेतो, ठरल्या वेळी तपासणीला रक्त देतो. जनुकातला तो बिघाड माझ्यातही निघाला, पण हृदय अजून धड आहे. दरवर्षी तपासायचं. परवा आम्ही दोघं एकाच बाकावर बाह्या वर करून बसलो होतो. दादाच्या फाटलेल्या ओठाचा वण अजून दिसत होता. तो म्हणाला, "तुझं आधी घेऊ दे."