मडक्यापासून पाच हात

मी हुडकेश्वरला राहायचो तेव्हा शेजारच्या शेवंतामावशीने हाक मारली, की गल्लीतली कुत्री आधी उभी राहायची आणि मग माणसं. पालथ्या मडक्यावरची लांब रोटी करावी तर तिनेच. कणकेचा सैल गोळा दोन्ही हातांवर झुलवत ती कोपरापर्यंत ताणायची आणि चुलीवरच्या मडक्यावर अलगद पसरायची. रोटी इतकी पातळ, की मी तिच्यातून राशिभविष्य वाचलेलं आहे. ते खरंही ठरलं.

मग लकवा झाला. डावा हात रुसला. "एक गेला त काय झालं, दुसरा आहे ना बे!" मावशी म्हणाली. पण सहा-सात महिन्यांनी फिट आली, तीही भर अंगणात. गल्ली धावली. एकाने कांदा फोडला, एकीने तोंडात चमचा घालायला घेतला, आणि मी, एम.ए. झालेला माणूस, पायातली चप्पल काढून मावशीच्या नाकाशी धरली. शुद्धीवर येताच ती पुटपुटली, "कोणाची आहे गा हे? धूत जा ना कधी."

आम्ही हसलो. तिचा मुलगा विलास हसला नाही. त्याने अंगणातली चूल विझवली, फाटकाला कुलूप घातलं. मावशीचं लग्नाकार्याला जाणं बंद, कोपऱ्यावरच्या दुकानात जाणंही बंद. मावशी खिडकीत बसू लागली. "मिरगीनं नाही मरत गा मी," ती गजांआडून मला म्हणाली, "बसून बसून मरून राहिली."

पुढच्या तपासणीला मीही सोबत गेलो. डॉक्टरबाईंनी समजावलं, लकव्याने मेंदूवर वण राहतो, फिट तिथून उठते. गोळी चुकवायची नाही, न्हाणीघराची कडी लावायची नाही, विस्तवाजवळ बसायचं नाही. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा; पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना गाठा.

"आन् कुलूप?" मावशीने विचारलं.

"ते मी लिहून दिलेलं नाही," बाई म्हणाल्या. संध्याकाळी विलासने फाटकाचं कुलूप काढलं.

त्याच आठवड्यात मावशीने अंगण मोजलं. मडकं तिकडे, आपण इकडे, मध्ये पाच हात. उजव्या हाताने परातीत कणीक आपटायची ती. ताणायला-भाजायला सून ज्योती आणि गल्लीतल्या बाया. "हात हलव वं! म्हशीले आंघोळ घालून राहिली का?" अशी तिची शिकवणी. पहिल्या रोट्यांतून राशिभविष्य सोडा, पलीकडचा ट्रकही दिसला नसता.

नातीच्या साखरपुड्याच्या सकाळी, भर कामात, मावशीचा चेहरा एका बाजूला ओढला गेला आणि अंग झटके देऊ लागलं. एकही चप्पल निघाली नाही. ज्योतीने परात सरकवली, तिला कुशीवर केलं, डोक्याखाली पदराची घडी दिली. विलास घड्याळ बघत उभा. दोन मिनिटं. मला ती दोन तपं वाटली. झटके थांबल्यावर तिला खाटेवर निजवलं आणि सगळ्या बाया विलासकडे बघू लागल्या. आता हा कुलूप आणणार.

विलासने हात धुतले आणि तो परातीपुढे बसला.

तासाभराने मावशीने डोळे उघडले. "हे काय करून राहिला बे?"

"कणीक आपटून राहिलो, माय. तू पडून राय. पुढं कसं करू, ते सांग."

मावशीने मान वळवून परातीकडे बघितलं. मग म्हणाली, "आधी ते घड्याळ काढ हातातलं. आन् जोरानं आपट. भेऊ नको, तिले नाही लागत."