उपरण्याखालची मूठ

रुद्रप्पांनी कुणाचा हात हातात घेतला की त्यांच्या खांद्यावरचं उपरणं आपोआप त्या हातांवर येऊन पडतं. समोर डॉक्टर असो नाहीतर मठातले स्वामी, सुटका नाही. सारा जन्म बैलांच्या दलालीत गेला. गड्ड्याच्या जत्रेतल्या बैलबाजारात भाव तोंडानं बोलायचा नसतो. उपरण्याखाली समोरच्याची बोटं दाबून सांगायचा, म्हणजे शेजारच्याला पत्ता लागत नाही. आता दलाली सुटली, बोटं काही सुटली नाहीत. त्यांची बायको निंगव्वा म्हणते, लग्नात माझा हात यांच्या हाती दिला, तर यांनी आधी बोटंच चाचपली.

त्यांची धाकटी, काव्या, बँकेत नोकरीला. तिनं आपलं आपण जमवलं. मुलगा सात रस्त्यावरच्या चष्मेवाल्या गुरुशांतांचा. रुद्रप्पांची अट एकच, आणि ती त्यांनी मठात माइकवरून जाहीर केलेली: हुंडा मागितला की पाव्हणे दाराबाहेर. काव्याला धास्ती होती ती त्या माइकचीच.

गुरुशांत माणूस सरळ, पण भानगड अशी की ते फ्रीमेसन, म्हणजे एका जुन्या विलायती गुप्त मंडळाचे सभासद. काळा कोट घालून, कमरेला पांढरा एप्रन बांधून बंद दारामागं बैठकीला बसतात. तिथं मुंडकं पुजतात, अशी गल्लीत कुजबुज. त्यांच्या बायकोच्या मते तिथं जेवण बरं असतं, बाकी काही नाही.

बोलणी करायला पाव्हणे आले. दारातच रुद्रप्पांनी गुरुशांतांचा हात धरला, उपरणं पडलं आणि बोटं सवयीनं पाव्हण्यांच्या पेरांवरून फिरली. गुरुशांत चमकले. हा तर आपल्यातलाच निघाला! त्यांनी अंगठ्यानं रुद्रप्पांच्या बोटाचा सांधा दाबला, पंजा छातीवर ठेवला आणि हळूच आडवा हात गळ्याखालून नेला.

रुद्रप्पा थेट स्वयंपाकघरात.

"मागितला."

"काय मागितलं?" निंगव्वा हुग्गी, गव्हाची खीर, ढवळत होती.

"हुंडा. बोटावर. एक सांगितला. छातीवर हात, म्हंजे शेवटचा भाव. न्हाय दिला तर गळा कापतो म्हणतोय."

"एक म्हंजे काय? हजार का लाख?"

"ते बोटात नसतंय. जनावर बघून समजायचं."

"पोरीला जनावर म्हणतायसा व्हय?"

बोटाला बोटानंच उत्तर द्यायचं, ही बाजाराची रीत. रुद्रप्पांनी बाहेर येऊन पुन्हा उपरणं टाकलं आणि पाव्हण्यांच्या तळव्यात घट्ट मूठ ठेवली. म्हणजे शून्य. गुरुशांत हरखले. ही खूण त्यांना अजून कुणी शिकवली नव्हती. मंडळात खुणा पायरीपायरीनं शिकवतात, ही वरच्या पायरीची असणार. त्यांनी आदरानं दोन्ही हातांनी ती मूठ झाकली.

"एकावरनं शून्यावर आणलं की पाव्हण्यांना," रुद्रप्पांनी बैठकीत सांगून टाकलं.

"काय आणलं?" मुलानं विचारलं.

"हुंडा."

बैठक गार पडली.

"मी कधी मागितला हुंडा?" गुरुशांत.

"मग अंगठा कशाला दाबला?"

"ते सांगता येत नाही. शपथ आहे."

काव्यानं डोळे मिटले. हुंडा मागितलेल्या माणसाला याहून वाईट उत्तर सुचलंच नसतं.

मुलानं मोबाइल काढला. "बाबा, सगळं जगजाहीर आहे," म्हणत वाचायला लागला. जुन्या काळी विलायतेत मोठमोठी चर्च बांधणारे पाथरवट गावोगाव फिरायचे. खरा कारागीर हात मिळवताच ओळखू यावा म्हणून ही खूण, असं मेसन सांगतात. काही जाणते म्हणतात, ती मागाहून रचलेली. छातीवरचा हात म्हणजे निष्ठा. गळ्याखालचा म्हणजे, गुपित फोडण्यापेक्षा गळा कापलेला बरा.

"मी काही ऐकलं नाही," गुरुशांत खिडकीबाहेर बघत म्हणाले. पण राग आता चढला होता. "आजवर कुणाला चुकीचा नंबर लावून दिला नाही, आणि इथं मी हुंडा मागणारा ठरलो. चला."

त्यांनी एक चप्पल पायात घातलीसुद्धा. काव्या बापाकडं बघत राहिली.

"पाव्हणं, जाता येणार न्हाय," रुद्रप्पा बसल्या जागेवरून म्हणाले. "मूठ झाकली तुमी. झाकली की सौदा पक्का. शून्यावर. तुमची शपथ हाय तशी आमची बी हाय."

बाजारात अशी शपथ कुणी घेतल्याचं ऐकिवात नाही. पण शपथ म्हटलं की गुरुशांतांचा इलाज चालत नाही. ते चप्पल काढून परत येऊन बसले. निंगव्वानं हुग्गी वाढली.

वाटी संपत आली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "ती मूठ कितव्या पायरीला शिकवतात?"

"आदी लग्नाची तारीख सांगा," रुद्रप्पा म्हणाले. "मग बघू."