गायक आला नाही आणि मला शब्दच येत नाहीत

मित्रांनो, आजचं ऐका.

आज आमगावच्या लग्नात आमच्या ऑर्केस्ट्राचा गायक रेल्वे फाटकावर अडकला. मला येतात ती एका जुन्या परदेशी बँडची समुद्रकाठची गाणी, शब्द नसलेली, नुसती गिटारवरची. दोन वाजवली. एक टाळी नाही.

नवरदेवाचे मामा स्टेजवर चढले. "काऊन जी, गाणारा कोठी हाय? नुसता वाजवूनच राहिला."

घाबरून मी तिसरं, सगळ्यात वेगवान गाणं सुरू केलं. मामांनी माइक ओढला. वाटलं, आता खाली उतरवतात. पण त्यांनी डोळे मिटून त्याच चालीवर दंडारीतलं, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यातलं, गाणं धरलं.

गायक पोचला तेव्हा मामा त्याला म्हणाले, "तू जेवून घे आता."

तो रुसून घरी गेलाय. उद्या तिरोड्याला लग्न आहे. तिथे असा मामा कुठून आणू, सांगा.