रक्ताच्या डॉक्टरणीची फाइल

किस्से गोळा करायला मुद्दाम कुठं जावं लागत नाही हो! सिल्वासाच्या हॉस्पिटलात मी उभा जन्म वॉर्डबॉय होतो. चादर कितीही धुवा, रक्ताचा डाग राहतोच. तसे हे डोक्यात बसलेत. सगळे एकाच फाइलीचे. सांगताना हसतो मी, पण आतून अजून टाळकं तापतं!

*

इकडच्या वारली-कोकणा लोकांत सिकलसेल फार. आजार रक्ताचा, पण हाडं अशी ठणकतात की धडधाकट गडी ढसाढसा रडतो.

मसाटच्या एका कंपनीतला असाच एक गडी आमचा कायमचा गिऱ्हाईक. दुखायला लागलं म्हणून सुपरवायझरकडं सुट्टी मागायला गेला. "सर, मेरे को सिकल है."

"साइकिल है? फिर भी रोज लेट आता है!"

गडी कण्हत मशीनवर परत!

*

हे ऐकून आमच्या रमिलाताई जेवल्या नाहीत. खानवेलकडच्या वारल्यांची लेक, आमच्याकडे एमडी डॉक्टर. रक्ताचे आजार आणि कॅन्सर, यांचा तीन वर्षांचा वरचा कोर्स मुंबईला असतो. बाईंनी परीक्षा दिली आणि सीट मारली!

मी चिडवलं, "ताई, अजून किती शिकणार? मी सातवी नापास, तरी वॉर्ड चालवतो!"

"मामा, तुम्ही चालवता ना, म्हणूनच शिकायचंय!"

*

ठरल्या तारखेला मुंबईत हजर व्हायचं, नाहीतर सीट दुसऱ्याला. त्यासाठी हवी ऑफिसची रिलीव्हिंग ऑर्डर. अर्ज गेला सावंत क्लार्ककडे. हे मालवणचे. माशाचा काटा अलगद काढतील, पण कागद काढणार नाहीत!

"रक्ताचं शिक्षण? मगे रक्तपेढी आसा मा आपल्याकडे!" म्हणाले, आणि अर्ज दिला रक्तपेढीत धाडून.

चार दिवसांनी रक्तपेढीचं उत्तर आलं: 'अर्जदाराचा रक्तगट कळवावा.'

*

मग मात्र माझा हात शिवशिवला. एक कोरा केसपेपर घेतला आणि भरला. पेशंटचं नाव: फाइल. तक्रार: हालचाल पूर्ण बंद. मुक्काम: अकरा दिवस. नाडी: लागत नाही. आणि दिला सावंतांच्या टेबलावरच्या फाइलीला टाचून.

सावंत लालबुंद! "मामा, सरकारी कागदाची थट्टा करतास?"

पण संध्याकाळी फाइल हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांकडे पोचली. केसपेपर तसाच, खाली सावंतांचं अक्षर: 'वरिष्ठांकडे रेफर.'

*

साहेबांनी ताईंना बोलावलं. मी चहा घेऊन मागोमाग शिरलो.

"मॅडम, कॅन्सरचा डॉक्टर आपल्याला हवा कशाला? रजिस्टरला बघा, कॅन्सरचा एकही पेशंट ॲडमिट नाही."

ताई म्हणाल्या, "कसा असेल सर? आलेला प्रत्येक पेशंट आपण त्याच दिवशी ॲम्ब्युलन्समध्ये घालतो आणि मुंबईला पाठवतो!"

"हां, म्हणजे व्यवस्था उत्तम आहे!"

मला वाटलं, चहा ट्रेसकट साहेबांवर ओतावा!

*

उरला एक दिवस. ताईंचे डोळे सुजलेले. वॉर्डात बुधीबाय होती, साठीची वारली म्हातारी. तिला सिकलसेल नाही, पण तिच्या दोन लेकी त्यातच गेल्या, आणि आता तिसरी चार नंबरच्या खाटेवर. म्हातारीनं कोणाला विचारलं नाही. पदर खोचला आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये! मागं ताई, मागं मी.

साहेब वैतागले. "सगळे मलाच वाईट ठरवताय. पण ही मॅडम तीन वर्षं गेली, तर तोवर तुम्ही पेशंट लोकांनी काय करायचं? सांगा ना!"

बुधीबाय खुर्चीत नीट बसली. तंबाखूचा हात लुगड्याला पुसला आणि शांतपणे म्हणाली,

"आजवर करीत होतो तेच, साहेब. मरायचं. पण या वेळेला मोजून... तीनच वरसं."