एन्नोरमध्ये मी फक्त ‘अप्पुरम?’ म्हणायची

चार बायका एका बाकावर बसल्या की किस्से साठतातच. आमचा तर वर्गच बायकांचा, आणि शिकत होतो ते दुसऱ्याचं ऐकून घ्यायला! मग काय विचारता!

*

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही चेन्नईत, पेरंबूरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये. मुलगा होस्टेलला. मला स्वतःचं काम हवं होतं, म्हणून कम्युनिटी कॉलेजात मानसिक आणि सामाजिक आरोग्यसेवेच्या डिप्लोमाला नाव घातलं.

वसंता मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, “फील्डवर्क एन्नोरला, कोळ्यांच्या वस्तीत. पोंगलपर्यंत तमिळ आलं नाही तर फील्डवर्क बंद. मग डिप्लोमा विसरा!”

“शिकेन,” मी म्हटलं. तेवढं एकच वाक्य मला इंग्रजीत ठामपणे येत होतं.

*

मॅडमचा कडक नियम होता : सल्ला द्यायचा नाही. फक्त ऐकायचं.

वर्गात त्याची प्रॅक्टिस. मी झोप न येणारी पेशंट, आणि समोर गोदाक्का. ती तंजावरकडची; मराठी जुनं, सूर तमिळ. मी तोंड उघडते न उघडते तोच गोदाक्का म्हणाली, “रात्री कापी पिऊ नक्को! तळपायास तेल लाव!”

मॅडमनी टेबलावर डस्टर आपटला. “गोदावरी! सल्ला!”

मी हळूच विचारलं, “कुठलं तेल?”

*

तमिळसाठी मी भाजीवालीला धरलं. समोरच्याची भावना ओळखून बोलून दाखवायची, असं नुकतंच शिकवलं होतं.

भाजीवाली म्हणाली, “उद्या वांगी महागणार.”

मी मोडक्या तमिळमध्ये म्हटलं, “म्हणजे तुम्हाला काळजी वाटतेय.”

“मला कशाला? तुम्हाला वाटू दे!”

*

एन्नोरला मला सेल्वीचं घर मिळालं. तिचा नवरा होडी घेऊन गेला तो परत आलाच नाही. दारावर जवळच्या थर्मल वीजकेंद्राची राख साचलेली, ती पुसायचंही तिला सुचत नव्हतं. येणारा प्रत्येक जण सांगून जायचा, रडू नकोस, कामाला लाग, माहेरी जा.

मला धड एकच शब्द येत होता : “अप्पुरम?” म्हणजे ‘मग?’. ती थांबली की मी तो म्हणायची. ती पुन्हा बोलायची, कधी रडायची. निम्मं मला कळायचं नाही, पण तिच्याबरोबर माझेही डोळे भरून यायचे. दर आठवड्याला मी जातच राहिले.

पोंगल झाला आणि मॅडम स्वतः आल्या. “हिला तमिळ येत नाही. दुसरी पाठवते.”

सेल्वी उसळली. “नको! हिलाच पाठवा. बाकीच्यांना तमिळ येतं, त्या सांगतच सुटतात!”

मॅडमनी वहीत माझंच नाव ठेवलं. फील्डवर्क वाचलं!

*

उन्हाळ्यापर्यंत मला तमिळ चांगलं यायला लागलं. भाजीवालीशी मी तर चक्क भांडायची! एन्नोरला मात्र ‘अप्पुरम?’च्या पुढे गेले नाही.

शेवटच्या दिवशी सेल्वीचं दार धुतलेलं होतं, पुढे कोलमची रांगोळीही काढलेली. ती मला बस स्टॉपपर्यंत सोडायला आली. बस दिसली तसा तिने माझा हात धरला.

“शेजारच्या मल्लिकाचंही ऐका ना, अक्का. आणि तुम्हाला तमिळ येतं, हे तिलाही कळू देऊ नका.”