निशूचा श्वास

महापुरात चिखलीच्या कृष्णातनं गळ्याएवढ्या पाण्यात उतरून शेजाऱ्यांच्या म्हशी सोडवल्या होत्या. शिरोलीच्या एका फौंड्रीत तो रोज वितळलेल्या लोखंडाशेजारी उभा राहायचा. हा गडी कशाला घाबरतो, असं कुणी विचारलं असतं तर गाव हसलं असतं.

गडहिंग्लजला माहेरी बाळंतपण उरकून त्याची बायको स्वप्नाली सव्वा महिन्याच्या निशिगंधाला घेऊन आली. त्याच रात्री कृष्णात ताडकन उठून बसला. पोरीचा श्वास भरभर चालला होता, तो मध्येच थांबला. त्यानं दिवा लावून तिचा पाय हलवला. पोरगी किंचाळून रडायला लागली.

"ओ, काय केलासा? आत्ता कुठं झोपलीती!"

"श्वास थांबलाता की हिचा!"

"तसाच असतोय. म्हैनाभर बघून सवय झालीया मला."

पण कृष्णातच्या मनातून ते जाईना. त्याच्या आधी त्याच्या आईला, तानाबाईंना, एक मुलगा झाला होता. दूध पिऊन झोपला, तो सकाळी उठलाच नाही. घरात त्याचा विषय कुणी काढत नसे. कृष्णातला ते चुलतीकडून कळलं होतं.

तो रात्र-रात्र जागू लागला. निशू दोन-तीन तासांनी दुधाला उठे, झोपेत कुंथे, हातपाय झाडे, मध्येच हसे. ते सगळं बरं. ती गप्प पडली की हा उठून तिच्या नाकापुढं बोट धरी. कामावर एकदा उभ्या-उभ्या डुलकी लागली, तेव्हा मुकादमानं दंडाला धरून त्याला भट्टीपासून मागं ओढलं. घरी त्यानं हे सांगितलं नाही.

एका पहाटे स्वप्नालीला जरा झोप मिळावी म्हणून तो रडणाऱ्या निशूला छातीवर घेऊन बाहेरच्या सोफ्यावर रेलला. तिचा श्वास छातीला लागत होता. कितीतरी दिवसांनी त्याला निर्धास्त वाटलं, आणि तिथंच त्याचा डोळा लागला.

तानाबाईंच्या ओरडण्यानं जाग आली तेव्हा छातीवर पोरगी नव्हती. ती घसरून त्याची कूस आणि सोफ्याची पाठ यांच्या फटीत गेली होती. तोंड गादीत रुतलं होतं. तानाबाईंनी तिला ओढून काढलं. चेहरा काळानिळा. कृष्णातला हात उचलता येईना. मग पोरगी खोकली आणि रडली.

दवाखान्यात डॉक्टर भैरवींनी तिला बराच वेळ तपासलं. "वाचली," त्या म्हणाल्या. "एवढ्या लहान बाळाचा श्वास झोपेत पाच-सात सेकंद थांबतो, मग भरभर चालतो. त्यात काही नाही. थांबणं लांबलं, ओठ निळे पडले, छाती आत ओढली गेली, तर मात्र लगेच धावत या. आणि बाळाला घेऊन सोफ्यावर झोपणं, हेच सगळ्यात धोक्याचं. तिला सपाट, घट्ट गादीवर, पाठीवर झोपवा. उशी नको, गोधड्यांचा ढीग नको."

"रात्रभर कधी झोपंल ओ?" स्वप्नालीनं विचारलं.

"काही बाळं चार-सहा महिन्यांनी सलग झोपतात, काही वर्षभर उठतात. पाळी लावून झोपा तुम्ही दोघं."

घरी आल्यावर तानाबाई लेकाशेजारी बसल्या. "तुझ्या थोरल्या भावाला काय झालं, मला अजून ठावं न्हाई," त्या म्हणाल्या. "डाक्टरलाबी कळलं न्हाई. तू जागलास म्हणून ते कळणार हाय व्हय? जा, झोप. पहिली पाळी माझी."

कृष्णात झोपायला शिकला, पण सावकाश. निशू पाच महिन्यांची असताना एकदा त्याला जाग आली ती खिडकीतून ऊन तोंडावर आल्यावर. रात्रीत ती एकदाही रडली नव्हती. पाळण्याकडं बघायचं त्याला धाडस होईना. त्यानं डोळे मिटूनच स्वप्नालीला हलवलं.

"तू बघ."

ती उठली, वाकली. "झोपलीया," ती हळूच म्हणाली. "पोट हलतंय. बघा तरी."

तो उठून थेट बाहेर गेला. कामाचे बूट घालायला पायरीवर बसला, आणि आतून तिचा आवाज येईपर्यंत बुटाची नाडी बांधत-सोडत राहिला.